नव्वदाला सहा कमी

घरात तिला तागडी म्हणत. नाव आईने ठेवलेलं, तेही लाडाने नव्हे, वैतागून. सात वर्षांची असताना तिने वह्यांच्या दुकानात तासभर काउंटर अडवून धरला होता. एकीची पानं जास्त, दुसरीचा कागद जाड, तिसरीचा पुठ्ठा मजबूत, घ्यायची कुठली? दुकानदाराने अखेर हात जोडले. आईने तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि भर रस्त्यात विचारलं, "तुझ्या डोक्यात मेंदू आहे की तागडी?" त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे चपला, मैत्रिणी, कॉलेज, सगळं तिने तोलूनच घेतलं आणि बहुतेक वेळा बरंच घेतलं, हेही सांगायला हवं.

अशी मुलगी हिशेबाच्या धंद्यात शिरली यात नवल नव्हतं. नवल हे, की जो निर्णय तिने जन्मात सगळ्यांत जास्त तोलला तोच तिच्या गळ्याशी आला. न तोलणारी माणसंही खड्ड्यात पडतातच म्हणा. पण आपण पडलो कसे याचा हिशेब ती मांडत बसत नाहीत.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन. ती तयार कपडे आत घेऊन द्यायची, बाहेर सोडून द्यायची. गल्लीत कुणाचं पोट सुटलं आणि कुणी काळजीने वाळलं, हे तिला डॉक्टरच्या आधी कळायचं. वडील बस डेपोत हजेरी लिहायचे. छत्तीस वर्षं त्यांनी उंच टेबलामागे उभं राहून ड्रायव्हर-कंडक्टरांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या आणि गुडघे तिथेच ठेवून ते घरी आले. आता ते खिडकीशी बसून रस्त्यावरच्या बसेस किती उशिरा धावतात ते स्वतःशीच पुटपुटत असत.

तागडी पहिली मोठी परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली. उरली शेवटची. पण तिला बसायचं तर आधी सनद असलेल्या हिशेब तपासनिसाच्या हाताखाली साडेचारशे दिवस काम करावं लागे. हे दिवस एका निळ्या लॉगबुकात चढायचे आणि खाली त्या माणसाची सही व्हायची. लॉगबुक भरलं तर परीक्षा, परीक्षा झाली तर सनद, आणि सनद मिळाली तर आईचं मशीन बंद. घरातल्या तिन्ही जिवांचं पुढचं सगळं त्या निळ्या वहीला टांगलेलं होतं. नियमांच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एक अट होती: एका ठिकाणचं काम नव्वद दिवसांपेक्षा कमी भरलं तर ते अजिबात धरलं जाणार नाही.

एकाच आठवड्यात तिला दोन बोलावणी आली.

एक होतं एका म्हाताऱ्या हिशेब तपासनिसाचं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर त्यांची एकच खोली. खालून दिवसभर कानशीचा आवाज, वर तीन टेबलं, भिंतीला दोरीने बांधलेल्या फायली आणि मध्ये स्वतः म्हातारबुवा, शर्टाच्या खिशात चार पेनं लावून. गिऱ्हाइकं म्हणजे एक छापखाना, दोन औषधांची दुकानं, एक शाळेच्या बसेसवाला. म्हातारबुवांनी तिच्यापुढे एक लांबलचक रकाना टाकला आणि कॅल्क्युलेटर आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. तिने बेरीज केली. ती बरोबर आली.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "आठवड्याला सहा दिवस. पैसे म्हणशील तर बसभाडं सुटेल आणि वर चहा होईल. पण पहिल्या पावतीपासून शेवटच्या ताळेबंदापर्यंत सगळं तुझ्या हाताखालून जाईल. आणि सही रोजची रोज."

दुसरं बोलावणं होतं नऊ मजली काचेच्या इमारतीतलं. त्या ऑफिसचं नाव सगळ्यांना माहीत. वर्तमानपत्रात बातमी आली की लोक वाचायचे, समजलं नाही तरी. तिथे चार महिन्यांचं प्लेसमेंट. पैसे म्हातारबुवांच्या तिप्पट, गळ्यात फीत लावलेलं ओळखपत्र, शनिवार-रविवार सुट्टी. चार महिन्यांनी कामगिरी पाहून पुढचं पुढे.

तागडीने आईची मापांची वही घेतली, मागच्या कोऱ्या पानावर मधोमध रेघ मारली आणि दोन दिवस त्या पानाला चिकटून बसली. पगार, बसभाडं, जिने, नाव, ओळखी, शिकायला काय मिळेल, सगळं लिहिलं. म्हातारबुवांच्या बाजूला उणे खुणेखाली तिने एक नोंद केली, 'आठवड्याला सहा दिवस', आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढली. काचेच्या इमारतीच्या बाजूला अधिक खुणेखाली लिहिलं, 'आठवड्याला पाच दिवस'. दिवसांचा प्रश्न तिने एका ओळीत मिटवला: चार महिने म्हणजे एकशेवीस, नव्वदाहून तीस जास्त, बरोबर.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "तो म्हातारा सही देतो म्हणतोय ना? मग घे की."

वडिलांना मात्र काचेच्या इमारतीने भुरळ घातली होती. ते एकदा मुद्दाम बसने जाऊन ती बाहेरून बघून आले होते. "अगं, दरवाजा आपोआप उघडतो," ते म्हणाले. "मी उभा होतो तर माझ्यासाठीसुद्धा उघडला. त्या किल्लीवाल्याच्या डोक्यावर बसून काय होणार हिचं? तिथे चार मोठी माणसं बघतील."

"बघून काय करतील? ओवाळतील?"

"तुला नाही कळायचं."

आईने यावर मशीन जोरात चालवलं. तिची भांडायची पद्धत तशीच होती.

तागडी म्हातारबुवांना नकार द्यायला स्वतः गेली, एवढी रीत तिला होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"नाव मोठं, लक्षण खोटं," ते म्हणाले. "बरं, जा. पण तिकडे आठवड्याला पाच दिवस, माझ्याकडे सहा. मोजून बघ जरा."

"मोजलंय, सर."

"मोजलंस? मग ठीक."

जिना उतरताना तिला त्यांची कीव आली. फुकटच्या राबणाऱ्या हाताला मुकले म्हणून कुरकुरतायत, असं तिला वाटलं. म्हाताऱ्यांनी काही सांगितलं की त्यात त्यांचा स्वार्थ शोधायचा, ही तरुणपणाची खोड. कधीकधी स्वार्थ असतोही, पण म्हणून सांगितलेलं खोटं ठरत नाही.

काचेच्या इमारतीत चार महिने तिने काय केलं? बिलांच्या झेरॉक्स यादीशी ताडून बघितल्या आणि प्रत्येकीवर हिरव्या पेनाने टिक केली. यादी कुणाची, बिलं कशाची, पुढे त्यांचं काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नाही, तिने विचारलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सीनियर म्हणाला, "तू टिक कर ना." तिने केल्या. शेवटच्या दिवशी केक कापला, फोटो काढला, सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट दिलं आणि निळ्या लॉगबुकात अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहून झोकदार सही ठोकली. कामगिरी उत्तम. जागा मात्र सध्या नाही.

मग दुसरं प्लेसमेंट, एका रंगाच्या कंपनीत. तिथे गोदामात रंगाचे डबे मोजायचे. डब्यांवर धूळ, नाकात वास; रात्री डोळे मिटले की डबेच दिसत. चार महिने. तिसरं एका कुरियरवाल्याकडे, जुने कागद स्कॅन करायचं. चौथं एका दवाखान्यात, पेशंटच्या फायलींचे नंबर लावायचं. पाचवं पुन्हा काचेच्या इमारतीत, दोन मजले वर आणि पुन्हा टिक करायला. प्रत्येक ठिकाणी चारच महिने आणि प्रत्येक ठिकाणी निरोपाचा केक. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याला फक्त केकचा एक तुकडा जास्त मिळायचा. दोन प्लेसमेंटच्या मधल्या रिकाम्या आठवड्यांत ती आईला काजं करून द्यायची.

दोन वर्षं उलटली. ताळेबंद कसा मांडतात हे तिने अजूनही पुस्तकातच पाहिलं होतं. पण लॉगबुक भरलं होतं: पाच सह्या, पाच शिक्के, एकशेवीस गुणिले पाच. सहाशे. लागत होते साडेचारशे. आपण दीडशे दिवस उगाच जास्त केले याचीही तिला चुटपुट लागली, इतकी ती तागडी होती.

परीक्षा मंडळाच्या ऑफिसात पाच नंबरच्या खिडकीत एक कारकून बसायचे. बोटाला रबराची टोपी लावून ते कागद उलटत. त्यांनी तिचं लॉगबुक घेतलं, पाचही पानं चाळली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून जवळ घेतलं आणि पेन्सिलीने काहीतरी मोजू लागले. मागे रांग खोळंबली.

"हे सहाशे कुठून आणले तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"एकशेवीसचे पाच."

"महिन्याचे तीसही दिवस कामाला जात होता? रविवारी पण?"

"नाही, पण…"

"पुस्तिकेचं शेवटचं पान वाचलंत का? व्याख्या आहे तिथे. दिवस म्हणजे प्रत्यक्ष हजेरीचा दिवस." त्यांनी तिच्याच वहीच्या समासात बारीक अक्षरांत आकडे लिहिले. "पहिलं ठिकाण चौऱ्याऐंशी. मग शहाऐंशी, त्र्याऐंशी, सत्त्याऐंशी, पंच्याऐंशी. एकही नव्वद नाही."

"म्हणजे किती धरले?"

"शून्य," कारकून म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली घेतला. "या महिन्यात तुम्ही चौथ्या. नव्वद भरले की त्या ऑफिसला तुमची नोंदणी करावी लागते, पूर्ण काळ ठेवावं लागतं, पूर्ण पैसे द्यावे लागतात. म्हणून कुणी भरू देत नाही. ऐकायला चार महिने छान वाटतात ना?"

ती बाहेर आली, जिन्याच्या पायरीवर बसली आणि पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. बैल गेला आणि झोपा केला. कारकुनांनी सांगितलेलं वाक्य तिथे होतं, तळाशी, टिपेत. टिपा वाचायच्या हे तिला कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि दुसऱ्यांच्या हिशेबातल्या टिपा ती वाचायचीही. मग तिने पाच आकड्यांची बेरीज केली. चारशे पंचवीस आली, बरोबर आली, आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. ती त्या पायरीवर रडली. लोक बाजूने जिना चढत-उतरत होते; तिथे रडणाऱ्यांची त्यांना सवय असावी.

दुसऱ्या दिवशी ती किल्लीवाल्याच्या वरचा जिना चढली. म्हातारबुवा होते, पण टेबल एकच उरलं होतं आणि ते फायली पोत्यात भरत होते.

"मोजलेस?" त्यांनी विचारलं.

"मोजले. उशिरा मोजले, सर."

"डोळे गेले माझे. आकडे दोन-दोन दिसतात, म्हणून सनद परत केली गेल्या महिन्यात." त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. "आता माझी सही तुझ्या काय, कुणाच्याच कामाची नाही."

"माझ्या जागी कुणी आलं होतं का?"

"आला एक. ढ होता. पहिले सहा महिने बेरजा चुकायचा. त्याला तुझ्यासारखं तोलता येत नव्हतं, म्हणून टिकला. परवा पास झाला." मग तिचा चेहरा नीट दिसत नसतानाही त्यांना काहीतरी कळलं असावं. "तुला टोचायचं म्हणून नाही बोललो हो, पोरी. बस, चहा सांगतो."

ती बसली नाही.

पुढचे तीन महिने तिने आईच्या हाताखाली शिलाई उसवली आणि अर्ज टाकले. दोन वर्षांसाठी घेणारी लहान ऑफिसं विचारत, "पाच ठिकाणी काम केलंत, एकाही ठिकाणी का नाही राहिलात?" याला उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. तेवढ्यात एके दिवशी काचेच्या इमारतीतून फोन आला. प्लेसमेंटवाल्या पोरापोरींचा विभाग सांभाळणाऱ्या मॅडमचा.

या मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "तुझं लॉगबुक मंडळाने परत केलं, कळलं मला," त्या म्हणाल्या. "वाईट झालं. पण तुझा हिशेब पक्का आहे, आणि आमची पद्धत तुला आता चांगलीच ठाऊक झालीय. माझ्या विभागात ये. दोन वर्षं पूर्णवेळ, पहिल्या दिवसापासून नोंदणी. माझ्याकडे सनद आहे, सही मी स्वतः करीन, रोज."

"काम काय आहे, मॅडम?"

"वेळापत्रकं करायची. प्लेसमेंटवाल्यांची."

पहिल्याच दिवशी तिच्यापुढे जो तक्ता आला त्यात चाळीस नावं होती. सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, मधल्या सुट्ट्या, आणि शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर दोन शब्द: 'कमाल सत्त्याऐंशी'. एखाद्या महिन्यात सुट्ट्या कमी पडल्या की शेवटची तारीख तीन दिवस अलीकडे ओढायची, एवढंच कौशल्य. त्या तक्त्याच्या जुन्या पानांत तिला आपलंही नाव सापडलं असतं. तिने शोधलं नाही.

घरी तिने वडिलांना सांगितलं, कारण हजेरीची गोष्ट होती आणि त्यांना ती कळली असती. त्यांना फारच चांगली कळली.

"छत्तीस वर्षं हजेरी लिहिली मी," ते म्हणाले. "पाच मिनिटं उशीर झालेल्याचा अर्धा तास कापला असेल. पण आलेल्या माणसाचा दिवस नाही खाल्ला कुणाचा."

"अहो, पुरे," आई म्हणाली. "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. दोन वर्षं डोळे मिटून काढेल आणि सुटेल. पोरीचं लॉगबुक भरतंय तर भरू द्या."

"मी कुठे नको म्हणतोय? मी आपलं सांगितलं."

"काचेचा दरवाजा तुम्हालाच आवडला होता, बाबा," तागडी म्हणाली.

हे ती बोलली आणि बोलल्याबरोबर तिला ते परत घ्यावंसं वाटलं. वडिलांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. त्यानंतर त्यांनी तिला कामाबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि हे तिला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

दिवस मात्र भरत होते. रोज संध्याकाळी मॅडम सही करायच्या. दर शुक्रवारी त्या एकच प्रश्न विचारायच्या, "कुणी नव्वदच्या जवळ आलंय?" आणि तागडी म्हणायची, "नाही, मॅडम." कसं येणार? तारखा तीच ओढत होती. अळीमिळी गुपचिळी.

नवीन प्लेसमेंटवाल्यांत एक जाड चष्म्याची मुलगी होती. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम मागे पडलं आणि सीनियरने जाहीर केलं, ज्याला यायचं त्याने शनिवारी यावं, पैसे नाहीत. चाळीसातलं कुणी गेलं नाही. चष्मेवाली एकटी गेली, आणि पुढच्याही शनिवारी गेली. शनिवारी दारावरचं हजेरीचं यंत्र बंद असायचं. वॉचमन कागदावर नाव लिहून सही घ्यायचा आणि ते पान सोमवारी तागडीच्या टेबलावर यायचं. तागडी ती पानं ड्रॉवरमध्ये टाकत गेली.

सहाव्या शनिवारनंतरच्या गुरुवारी चष्मेवालीने तिला जिन्यात गाठलं.

"ताई, तुम्हाला सांगून ठेवते," ती हळूच म्हणाली. "तुमच्या वेळापत्रकात माझे चौऱ्याऐंशीच होतात. नव्वदाला सहा कमी. म्हणून मी शनिवारी येत होते. पुढच्या शुक्रवारी माझा शेवटचा दिवस, तेव्हा बरोबर नव्वद भरतात."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"शेवटच्या पानावर टीप आहे ना. माझ्या बहिणीची दोन वर्षं अशीच गेली. तिने मला कामाला लावायच्या आधी ते पान पाठ करून घेतलं." ती हसली. "पानं तुमच्याकडेच येतात, बरं झालं. तुम्ही पण इथूनच सुरू केलं होतं, असं ऐकलं मी."

तागडीला तिचा राग आला. कौतुक वाटायला हवं होतं, तेही तिला कळत होतं. पण आला तो रागच. हिला बहीण होती. हिला पान दाखवणारं कुणीतरी होतं. आपल्याला होता तो एक म्हातारा, आणि त्याचं सांगणं आपण उणे खुणेखाली लिहिलं. त्या रात्री तिने पुन्हा तोललं. एका पारड्यात या मुलीचे सहा शनिवार. दुसऱ्यात स्वतःचे राहिलेले तीनशेपंधरा दिवस, आईचं मशीन आणि मॅडमची रोजची सही. एका प्लेसमेंटवालीचे नव्वद भरले की मंडळाचं पत्र येणार, पत्र आलं की ते कुणाच्या टेबलावरून निसटलं ते बघितलं जाणार. पारडं हललंसुद्धा नाही.

शुक्रवारी मॅडमनी विचारलं, "कुणी नव्वदच्या जवळ?"

नाही म्हणता आलं असतं. ड्रॉवर तिचा होता, तोंड तिचं होतं. मॅडमना शनिवारच्या पानांचा पत्ताही नव्हता.

"एक आहे, मॅडम," तागडी म्हणाली.

"किती?"

"शनिवार धरले तर नव्वद. नाही धरले तर चौऱ्याऐंशी."

मॅडमनी फाइल मिटली. "ते शनिवारचं तू बघ," त्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "मला काही सांगू नकोस."

दुपारी तिने ड्रॉवरमधली सहा पानं काढली आणि झेरॉक्सच्या खोलीतल्या कागद चिरायच्या मशीनमध्ये एकेक करून घातली. एकेक का, तर सगळी एकदम घातली की ते अडकायचं.

पुढच्या शुक्रवारी बाहेर केक कापून झाला. चष्मेवाली बोटं पुसत लॉगबुक घेऊन तिच्या टेबलाशी आली. तागडीने तारखा भरल्या, पुढच्या रकान्यात चौऱ्याऐंशी लिहिले आणि वही तिच्याकडे फिरवली. मुलीने आकडा वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

"ताई, शनिवार राहिले."

"शनिवारची नोंद नाही."

"आहे की. वॉचमनकाकांच्या कागदावर मी दर वेळी सही केलीय. ती पानं तुमच्याकडे येतात."

"आता नाहीत."

"नाहीत म्हणजे? कुणी काढली?"

तागडीच्या तोंडाशी दोन-तीन उत्तरं आली. हरवली. वर पाठवली. मला माहीत नाही. कुठलंही चाललं असतं. मॅडमनी तर न सांगता तेच सुचवलं होतं.

"मी," ती म्हणाली.

मुलगी ओरडली नाही. तिने वही पिशवीत टाकली, पिशवीची चेन लावली, आणि मग खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "याचे तुम्हाला किती दिवस मिळतात, ताई?"

"एक," तागडी म्हणाली. "आजचा."

मुलगी गेली. तिच्यासाठीही दरवाजा आपोआप उघडला. पाच वाजता, मॅडम निघायच्या आत, तागडी आपलं लॉगबुक घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेली, आणि त्यांनी न वाचता एकशे एकेचाळिसाव्या दिवसाखाली सही केली.